तुम्ही विचारा: मागाचा आवाज, थिनरचा वास आणि डोक्यातला त्रास

मागच्या वेळी या पानावर उभ्याने काम आणि पाठदुखी यावर लिहिलं होतं, आणि शेवटी सहज विचारलं होतं की कामावरच्या आवाजाचा, वासाचा, धुराचा मनावर काही परिणाम जाणवतो का, जाणवत असेल तर कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, निम्म्याहून जास्त पत्रं कामगारांची नाहीतच, त्यांच्या बायकांची आहेत, आयांची आहेत, एक तर मोठ्या बहिणीचं आहे. जवळपास प्रत्येकीत एक वाक्य आहेच, "हा आधी असा नव्हता हो." सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडलीत. नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, आम्ही इचलकरंजीत राहतो. मिस्टर सोळा वर्षं मागावर आहेत, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची एक आठवडा रात्रीची. लग्नानंतर चांगले बोलके होते, मित्रांत बसायचे, भजनाला जायचे. आता घरी आले की गप्प. मी हाक मारली तर ओ देत नाहीत, पोरीने दोनदा तेच विचारलं की एकदम खेकसतात, पोरगी आता त्यांच्याजवळ जातच नाही. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या. सासूबाई म्हणतात तू सारखी भुणभुण करतेस म्हणून त्याचा स्वभाव बदलला. दारू रोज नाही पण पगाराच्या दिवशी होते. ते म्हणतात मला काही झालेलं नाही. मी काय करू?

उत्तर: आधी एक साधी गोष्ट बघा. ते ओ देत नाहीत की त्यांना ऐकूच येत नाही? तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं. टीव्ही मोठा, हाकेला ओ नाही, दुसऱ्यांदा विचारलं की राग, आणि त्यात सोळा वर्षं मागावर. हे चार तुकडे जोडले की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं, तुमचे मिस्टर बहुतेक हळूहळू ऐकणं गमावतायत आणि ते त्यांना स्वतःलाच कळलेलं नाही, कारण आवाजाने जाणारा कान दुखत नाही, वाहत नाही, बंदही होत नाही, फक्त वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी पुसले जातात. बाईमाणसाचा आणि लहान पोरांचा आवाज नेमका वरच्या पट्टीतला. शब्दातले स, श, फ, थ, च हे पण तिथलेच. पोरगी म्हणते "बाबा, शाळेच्या वहीवर सही पाहिजे", यातले श, स, च पुसट झाले की त्यांच्या कानात नुसते आ, ए, ई पोचतात, म्हणजे आवाज येतो पण बोलणं कळत नाही. मग माणूस एकदा "काय?" म्हणतो, दुसऱ्यांदा "काय?" म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटते आणि तो खेकसतो. भजन का सुटलं असेल याचाही विचार करा. चार जण एकदम बोलतात तिथे तर काहीच लागत नाही, तिथे जाऊन नुसतं मान डोलवत बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं वाटत असणार.

मी स्वतः अशा एका शेडमध्ये गेले होते, पत्र्याची शेड, चोवीस माग. जुना साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो आणि प्रत्येक फेकीला लाकडावर लाकूड आपटल्यासारखा फटका, असे चोवीस माग एकदम, वर पत्रा, चारी बाजूंनी भिंती. आवाज कानात येतो हे म्हणणंच चूक आहे, तो तळपायातून येतो, दातात येतो. तिथे कुणी बोलत नाही. कामगाराने माझ्याकडे बघून अंगठा ओठाला लावला, म्हणजे चहा घेणार का, आणि कांडीवाल्या पोराला बोटांनी तीन दाखवले. मी वीस मिनिटांत बाहेर आले आणि रस्त्यावर दोन बायका बोलत होत्या त्यांचे ओठ हललेले दिसले, शब्द कळले नाहीत, अर्धा-पाऊण तास तसंच. वीस मिनिटं. तुमचे मिस्टर बारा तास.

मागाच्या शेडमध्ये साधारण 95 ते 105 डेसिबल आवाज असतो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची हद्द आहे, 95 ला चार तास, 100 ला दोनच तास. म्हणजे नियम पाळायचा म्हटलं तर 100 डेसिबलच्या शेडमध्ये कानाला काही न लावता दोन तासांच्या वर माणूस उभाच करता येत नाही. आणि डेसिबलचा आकडा साध्या बेरजेसारखा वाढत नाही, 3 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, त्यामुळे 90 आणि 100 मध्ये "दहाचाच तर फरक" नसतो, दहापटीचा असतो.

आता मनाचं. मोठा आवाज म्हणजे मेंदूला धोक्याची सूचना, हे आपल्या शरीरात फार जुनं बसलेलं आहे. आवाजाची सवय झाली असं आपण म्हणतो पण सवय मनाला होते, शरीराला होत नाही, आत अ‍ॅड्रेनालीन आणि कॉर्टिसॉल पाझरत राहतात, बीपी चढतं, छाती धडधडत राहते. बारा तास शरीर भांडणाच्या तयारीत उभं आणि मग घरी आल्यावर त्याला म्हणायचं शांत हो, ते होत नाही. त्यात एक आठवडा रात्रपाळी, दिवसा गल्लीच्या गोंगाटात कशीबशी झोप, तीही तुटक. सलग झोप नसलेला माणूस चिडका होणारच, उदासही होणार, आणि मग पगाराच्या दिवशी दारू, कारण तेवढ्याने एकदाचं डोकं बंद होतं असं त्यांना वाटत असेल. यात तुमच्या भुणभुणीचा काही संबंध नाही. हे सासूबाईंना वाचून दाखवलंत तरी चालेल.

करायचं काय, तर पहिलं कानाची तपासणी, ऑडिओमेट्री म्हणतात, सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात होते. पाळी सुटल्या सुटल्या नेऊ नका, किमान चौदा-सोळा तास आवाजापासून लांब राहिल्यावर न्या, नाहीतर कान तात्पुरता थकलेला असतो आणि रिपोर्ट खरं आहे त्यापेक्षा वाईट येतो, मग डॉक्टर म्हणणार परत या आणि ते परत जाणार नाहीत. रिपोर्टच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला दिसला तर ती आवाजाने कान गेल्याची ओळखीची खूण. तो कागद जपून ठेवा. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर जास्तच जपा, कारण आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे आणि त्यावर भरपाईचा हक्क सांगता येतो.

दुसरं घरातलं, आणि हे आजपासून करता येईल. स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलू नका. समोर या, हलकेच खांद्याला हात लावा, टीव्ही बंद करा, मग बोला, ओरडून नाही, सावकाश. पोरीलाही हे शिकवा आणि तिला सांगा की बाबांना तुझा राग येत नाही, त्यांना तुझं ऐकू येत नाही. हे तिला कळणं मला सगळ्यात जास्त गरजेचं वाटतं. पाळीवरून आल्यावर पहिला तासभर शक्यतो शांतता, मिक्सरसुद्धा नको.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. खेकसणं समजून घ्या, पण उद्या हात उचलला तर ते आवाजाच्या खात्यावर टाकू नका, त्याला माफी नाही. उदासपणा वाढत गेला, जेवण तुटलं, जगण्यात काही राहिलं नाही असं बोलायला लागले तर कानाच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. त्यांनी नाही केला तर तुम्ही करा, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

प्रश्न: मी 27 वर्षांचा, भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये पेंट शॉपला आहे, पाच वर्षं झाली. स्प्रे मारतो, गन थिनरने धुतो, हातपण थिनरनेच धुतो. दीड वर्षापासून विसरायला होतंय, गाडीची चावी, लोकांची नावं, एकदा गॅस चालू ठेवून कामाला गेलो. कारण नसताना रडू येतं, लगेच चिडतो. लग्न ठरलं होतं ते मीच पुढे ढकललं. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्यात, थोडा फरक आहे. पण एक सांगतो, गणपतीला दहा दिवस गावी गेलो की एकदम फ्रेश वाटतं, डोकं हलकं, आणि परत येऊन चार दिवस झाले की पुन्हा तेच. डॉक्टरांनी काय काम करता विचारलं तर मी प्रायव्हेट जॉब सांगितलं. मी वेडा होतोय का?

उत्तर: नाही. आणि तुम्ही लिहिलेलं ते गणपतीचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, माझ्यासारख्या डॉक्टरने दहा प्रश्न विचारून जे काढलं असतं ते तुम्ही स्वतःच टिपलंत. सुट्टीत बरं आणि कामावर आलं की चार दिवसांत परत तेच, हे दिसलं की कामाच्या जागेकडे बघायचंच असतं. अर्थात गावी गेल्यावर माणसाला तसंही बरं वाटतं, आई असते, झोप होते, टार्गेट नसतं, त्यामुळे एवढ्यावरून शिक्का मारता येत नाही. पण थिनरला संशयितांच्या यादीत पहिलं टाकावं लागेल.

थिनर म्हणजे काही एक पदार्थ नाही, बहुतेक थिनरमध्ये टोल्यून, झायलीन, अ‍ॅसिटोन असं मिश्रण असतं. या सॉल्व्हंटांचं कामच चरबी विरघळवणं, म्हणून तर रंग सुटतो, ग्रीस सुटतं. आणि मेंदू हा शरीरातला फार चरबीदार अवयव. नाकातून आत गेलेली वाफ फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत काही क्षणांत पोचते, हात थिनरने धुता तेव्हा थोडं कातडीतूनही जातं. सुरुवातीला हलकी नशा, डोकं दुखणं, मळमळ. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर चिडचिड, थकवा, लक्ष न लागणं, विसरभोळेपणा, मूड खाली-वर. तुमच्या पत्रातली यादी जवळपास हीच आहे. वास येईनासा झाला म्हणजे सवय झाली, आता काही होत नाही, असं पेंट शॉपमध्ये सगळे म्हणतात, पण नाक थकलं म्हणून वाफ कमी झालेली नसते.

हे आत्ता कळलंय अशातला भाग नाही. 1970 च्या दशकात डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडमधल्या घररंगाऱ्यांत नेमकी हीच लक्षणं एवढी दिसली की तिथे त्याला रंगाऱ्यांचा आजार असंच नाव पडलं, लोकांना भरपाया मिळाल्या आणि त्या देशांत पाण्यात कालवायचे रंग लवकर आले त्याला हे एक मोठं कारण. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्यात पहिली पायरी निव्वळ मनाच्या लक्षणांची आहे, चिडचिड, उदासी, थकवा, आणि त्या पायरीवर संपर्क थांबला तर माणूस परत ठीक होतो. म्हणून मी तुम्हाला घाई करायला सांगतेय. आणखी मागे गेलं तर 1856 मध्ये पॅरिसच्या देलपेश नावाच्या डॉक्टरांनी रबराच्या कारखान्यातल्या कामगारांबद्दल लिहून ठेवलंय, तिथे कार्बन डायसल्फाइड वापरायचे आणि माणसं भ्रमिष्टासारखी वागायची, राग अनावर व्हायचा. म्हणजे कामावरच्या वाफेने मन बिघडतं हे डॉक्टरांना पावणेदोनशे वर्षं होत आली माहिती आहे, तरी आपल्या ओपीडीत आजही पेशंट "प्रायव्हेट जॉब" म्हणतो आणि डॉक्टर तसंच लिहून घेतो. यात चूक तुमची नाही, पुढे दोन प्रश्न विचारायला हवे होते ते आमच्या लोकांनी विचारले नाहीत.

तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हे घेऊन जा. एक, थिनरच्या आणि पेंटच्या डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो. दोन, त्या मालाची सेफ्टी डेटा शीट, पुरवणाऱ्या कंपनीने दिलेला 16 भागांचा कागद असतो, स्टोअरमध्ये किंवा ऑफिसमध्ये मिळतो, त्यात आठव्या भागात काय घालून काम करायचं आणि अकराव्या भागात शरीराला काय होतं ते असतं. हा कागद मागणं म्हणजे भांडण नाही, आपण काय हाताळतो ते जाणून घ्यायचा कामगाराचा हक्क 1948 च्या कारखाने अधिनियमात होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्येही, म्हणजे कामगारांच्या नव्या कायद्यांतही आहे. तीन, एक साधी वही. रोज दोन ओळी, आज किती तास स्प्रे, बूथचा पंखा चालू होता का, डोकं कसं होतं, झोप कशी, रडू आलं का. महिनाभर, सुट्टीचे दिवस धरून. ही वही रक्ताच्या रिपोर्टइतकी कामाची ठरते.

टोल्यूनसाठी लघवीची तपासणी असते, हिप्युरिक अ‍ॅसिडची, नमुना पाळी संपताना द्यायचा. पण आदल्या दिवसापासून विकतचं लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक बंद ठेवा, त्यात टिकवायला बेंझोएट घातलेलं असतं आणि त्यानेही तोच आकडा वाढतो. दारू घेत असाल तर तीही थांबवा, दारू पोटात असली की शरीर टोल्यून बाहेर काढायला जास्त वेळ लावतं.

गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, प्लीज. हे वाचून "म्हणजे मला डिप्रेशन नाहीच, थिनरच आहे" असं ठरवून गोळ्या सोडणारे मी पाहिलेत आणि त्यांचे हाल झाले. कारण काहीही असो, आत्ता आधार त्या गोळ्यांचा आहे. आणि बाईक चालवताना काळजी घ्या, विसरायला होतंय म्हणता तर गॅसला टायमर किंवा घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

कामावर काय मागता येईल? तोंडाला बांधलेला रुमाल किंवा तो पांढरा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, अजिबात नाही, रंगाचे थेंब थोडे अडतात इतकंच. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजवाला मास्क लागतो आणि ते कार्ट्रिज बदलावं लागतं. पण मास्कच्याही आधी बूथचा एक्झॉस्ट चालू पाहिजे, गन धुवायची जागा झाकलेली पाहिजे, हात धुवायला थिनरऐवजी साबणाची पेस्ट पाहिजे, यात कुठेही लाखो रुपये लागत नाहीत. हवेतल्या टोल्यूनची हद्द आपल्या कारखाने अधिनियमाच्या तक्त्यात आठ तासांसाठी 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) होती, अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यवाल्यांची संस्था मात्र 20 वर आलेली आहे, म्हणजे "आमचं सगळं लिमिटमध्ये आहे" असं उत्तर मिळालं तरी तिथे थांबायची गरज नाही. आणि कंप्रेसर शेजारीच असेल तर कानाला पण लावा, टोल्यून आणि आवाज एकत्र आले की कान एकट्या आवाजापेक्षा जास्त बिघडतो.

कुणीच ऐकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते, ते पुण्यात पण आहेत. तक्रार कुणी केली हे गुप्त ठेवायचं बंधन जुन्या कारखाने अधिनियमात कलम 118अ मध्ये स्पष्ट होतं. तरी नोकरीची भीती खरी असते, ती मला कळते, म्हणून एकट्याने न करता दोघातिघांनी मिळून आधी सुपरवायझरशी बोला. तुमच्याच लाइनवर आणखी कुणाला असंच होतंय का हे विचारलंत का कधी? माझा अंदाज आहे की दुसरा कुणीतरी पण गप्प बसलाय.

(भंडारा, नागपूरकडच्या दोन वाचकांनी मँगनीजबद्दल विचारलंय, त्यांना इथेच थोडक्यात सांगते. हो, मँगनीजची धूळ आणि वेल्डिंगचा धूर बरीच वर्षं आत गेला तर चालणं, हात, बोलणं बिघडतं आणि त्याच्या आधी मनाची लक्षणं दिसू शकतात, विनाकारण हसू-रडू, राग. चिलीतल्या खाणींत याला मँगनीजचं वेड असंच म्हणायचे. असं काही वाटलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि खाणीत किंवा वेल्डिंगला आहोत हे पहिल्या वाक्यात सांगा.)

प्रश्न: वय 63, फोर्जिंग शॉपमध्ये (तापलेलं लोखंड ठोकून घडवतात तिथे) हॅमरवर 29 वर्षं काढून निवृत्त झालो. कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडतात. दिवसा निभतं, रात्री वेड लागायची पाळी येते. डॉक्टर म्हणाले याला औषध नाही, सवय करून घ्या. सवय होत नाही. कधी कधी वाटतं हे संपवून टाकावं.

उत्तर: काका, शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आज, हे वाचून झाल्या झाल्या, 14416 ला फोन लावा आणि हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. घरात मुलगा, सून, बायको, जे कुणी असेल त्यांनाही सांगा की रात्री असं वाटतं. हे तुमच्या मनाचं दुबळेपण नाही, झोप न मिळालेल्या माणसाच्या डोक्यात असे विचार येतात आणि झोप मिळाली की ते मागे हटतात, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आता रातकिड्यांचं. आवाजाने कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की मेंदूला त्या पट्टीतला आवाज मिळत नाही, मग मेंदू स्वतःच आवाज भरत बसतो, म्हणून बाहेर शांतता असली की आत जास्त ओरडतं. हे पूर्ण बंद करणारं औषध नाही हे डॉक्टरांचं बरोबर, पण "काहीच करता येत नाही" हे बरोबर नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांचे रातकिडे दबतात, कारण बाहेरचा आवाज आत पोचायला लागतो. रात्री पूर्ण शांततेत झोपू नका, पंखा चालू ठेवा, रेडिओ अगदी बारीक, कळेल न कळेल इतका. आणि समुपदेशनाची एक पद्धत आहे, सीबीटी म्हणतात, तिने आवाज जात नाही पण त्याचा जाच कमी होतो, यावर चांगला पुरावा आहे. संध्याकाळनंतर चहा आणि तंबाखू कमी करून बघा.

प्रश्न: सातारा एमआयडीसीत आमचं पार्ट काढायच्या प्रेसचं छोटं युनिट आहे, 22 कामगार. मी सगळ्यांना इअरप्लग दिलेत, रजिस्टरवर सह्या आहेत. कुणी घालत नाही, खिशात असतात. मी आणखी काय करायचं? आणि याचा मेंटल हेल्थशी काय संबंध, मला तर ही फॅशन वाटते.

उत्तर: संबंध वर इचलकरंजीच्या ताईंच्या उत्तरात लिहिलाय, तो तुमच्या 22 जणांच्या घरी पण लागू आहे. तुमच्याच भाषेत सांगायचं तर झोप न झालेला, चिडलेला, अर्धवट ऐकू येणारा माणूस प्रेसवर हात घालतो तेव्हा अपघात होतो.

प्लग का घालत नाहीत ते त्यांना विचारलंत का? मला कामगार जे सांगतात ते असं: घाम येऊन कान खाजतो, मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, मागून फोर्कलिफ्ट आली तर ऐकू येणार नाही अशी धास्ती, आणि घालायचा कसा हे कुणी दाखवलंच नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तोपर्यंत तो फुगत नाही. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर कापसाच्या बोळ्यासारखाच, जवळपास बिनकामाचा. आणखी एक हिशेब, 30 डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला तर दिवसभराचं संरक्षण 12 डेसिबलवर येतं. म्हणजे थोडा वेळ काढला तर काय होतं, याचं उत्तर निम्म्याहून जास्त वाया जातं.

पण मालक म्हणून तुमचं काम प्लगपासून सुरू होत नाही, तिथे संपतं. आधी प्रेसखाली रबरी पॅड, सैल झालेले गार्ड आणि पत्रे घट्ट करणं, हवा सोडणाऱ्या नळीला सायलेन्सर, पार्ट लोखंडी पेटीत पडतात तिथे आत रबराचा थर, कंप्रेसर भिंतीपलीकडे. यातल्या बऱ्याच गोष्टी मेंटेनन्सवाला दोन रविवारांत करेल. मग माणसांची आलटापालट, एकच माणूस दिवसभर सगळ्यात मोठ्या प्रेसवर नको. मोजणी करून घ्या, नाहीतर ढोबळ खूण अशी की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85 च्या वर गेलेला आहे. आणि रजिस्टरवरची सही कान वाचवत नाही, ती फक्त तुम्हाला वाचवेल असं वाटतं, पण तसंही नाही, कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात 29 आजारांची यादी होती त्यात आवाजाने येणारा बहिरेपणा होता, त्या आजाराची खबर द्यायची जबाबदारी मालकाचीच. उदासी, झोप उडणं, चिडचिड यांना त्या यादीत जागाच नव्हती, म्हणून तुम्हाला ती फॅशन वाटत असेल. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना त्यांच्यात बसा आणि घरी झोप कशी लागते एवढंच विचारा.

प्रश्न: मी धारावीत राहते, घरीच लेडीज चपलांना सोल्यूशन लावून देते, जोडीमागे पैसे मिळतात. खोली एकच, खिडकी लहान. संध्याकाळी डोकं जड होतं, मुलांवर हात उठतो आणि मग रात्री रडत बसते. हल्ली पायाला मुंग्या पण येतात. धाकटा तीन वर्षांचा, माझ्या शेजारीच खेळतो. काम सोडलं तर भाडं निघत नाही.

उत्तर: ताई, काम सोडा असं मी म्हणणार नाही, कारण ते म्हणणं सोपं आहे आणि तुमचं भाडं मी भरणार नाही. पण काही गोष्टी उद्याच बदला. या चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये टोल्यून किंवा हेक्झेन असतं. टोल्यूनने डोकं जड होतं, राग येतो, रडू येतं. हेक्झेनने पायाच्या नसा बिघडतात, मुंग्या तिथून सुरू होतात. जपानमध्ये 1960 च्या दशकात तुमच्यासारखंच घरोघरी बसून सँडल चिकटवणाऱ्यांचे पाय असेच गेले होते, कारण हेक्झेन निघालं. त्यामुळे मुंग्यांकडे दुर्लक्ष नको, सायन हॉस्पिटल तुम्हाला जवळ आहे, तिथे मेडिसिनच्या ओपीडीत जा आणि "घरी सोल्यूशनचं काम करते, किती वर्षं, दिवसाला किती तास" हे आधी सांगा. मुलांवर हात उठतो हेही सांगा, लाजू नका, तुम्ही वाईट आई असतात तर हे लिहिलंच नसतं.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि तुम्ही खाली बसून काम करता, धाकटा तर तुमच्याहून खाली. त्याला कामाच्या वेळात शेजारी, बालवाडीत, कुठेही ठेवता येईल तर ठेवा. तुम्ही खोलीच्या आत नको, दाराच्या उंबऱ्याशी बसा, टेबलफॅन पाठीमागे ठेवा म्हणजे वारा तुमच्याकडून बाहेर जाईल, समोरून लावला तर वाफ परत तोंडावर येते. मोठा डबा उघडा ठेवून काम करू नका, छोट्या झाकणाच्या डबीत थोडं थोडं काढा, बोटाने नाही ब्रशने लावा, चिंध्या घरात टाकू नका. लावलेल्या चपला खोलीत वाळत घालून तिथेच झोपता का? तसं असेल तर त्या आधी बाहेर काढा, रात्रभर सगळं घर तेच हुंगतं. आणि गॅस पेटवायच्या आधी काम बंद, डबा बंद, दार उघडं, ही वाफ पेट घेते. माल देणाऱ्याला पाण्यातलं सोल्यूशन मिळतं का विचारा. तुमच्या गल्लीतल्या आणखी बायका हेच काम करत असतील, सगळ्यांनी मिळून विचारलंत तर तो ऐकायची शक्यता जास्त. पायाच्या मुंग्यांचं काय निघालं ते मला नक्की कळवा, तुमच्या पत्राची मी वाट बघते.